वस्तूंपेक्षा अनुभव अधिक आनंद का देतात?

लखनौ : लखनौला आलेला पर्यटक चिकनकारीचा कुर्ता विकत घेतो आणि बड्या इमामबाड्यातील भुलभुलैयात वाटही चुकतो. काही वर्षांनंतर घरी चर्चा होते ती बहुधा चुकलेल्या वाटेचीच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीफ व्हॅन बोव्हेन व थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वस्तूंपेक्षा अनुभवांवरील खर्चातून लोकांना अधिक समाधान मिळाल्याचे आढळले. नव्या वस्तूची लवकरच सवय होते आणि शेजाऱ्याच्या महागड्या वस्तूशी तिची तुलनाही सहज होते. अनुभव मात्र सोबत्यांशी जोडलेला असतो. तो सांगताना पुन्हा जगता येतो आणि त्यातील फजितीही कालांतराने गमतीची वाटू लागते.

तथापि, हे सर्वांना सारखेच लागू नाही. २०१८ मधील एका संशोधनानुसार हा फरक प्रामुख्याने सुस्थितीतील वर्गात दिसतो. अल्प उत्पन्न असलेल्यांना वस्तूंपासूनही तितकाच किंवा अधिक आनंद मिळू शकतो. ज्या घरात पंखा नाही, तेथे सहलीपेक्षा पंखाच मोलाचा ठरतो. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या सुमारास इमामबाड्याचे बांधकाम हाती घेतले, तेही दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून. त्यामुळे गरजा भागल्यानंतर उरणाऱ्या पैशांबाबतच हा निष्कर्ष विचारात घेणे योग्य ठरते.