काटा नसलेली यादी

‘सर्वाधिक वापरातले हजार फ्रेंच शब्द पाठ करा, रोजचे 80 टक्के बोलणे समजेल,’ अशी जाहिरात एका वाचकाने पाठवली आहे. त्यांची मुलगी यंदा अकरावीला फ्रेंच घेते आहे, तर यावर विसंबावे का, असे ते विचारतात. विसंबू नये. त्यातला आकडा फारसा चुकीचा नसेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो कुठे फसतो हे फ्रान्समध्येच सत्तर वर्षांपूर्वी उमगले होते.

परक्यांना फ्रेंच शिकवण्यासाठी अगदी पायाचे शब्द ठरवायचे म्हणून 1951 पासून झॉर्झ गुगनेम या भाषाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. तोपर्यंतच्या शब्दगणना छापील मजकुरावरून झालेल्या होत्या. गुगनेम यांच्या गटाने टेपरेकॉर्डर घेतला आणि माणसांचे बोलणे टिपले. 163 ध्वनिमुद्रणे, 275 बोलणारे, एकूण 3,12,135 शब्द! त्यांत वेगवेगळे शब्द आठ हजारांच्या आतच निघाले. एकटे ‘असणे’ हे क्रियापद सुमारे 14 हजार वेळा आले होते, म्हणजे साधारण दर बाविसाव्या शब्दाला.

मग यादी वाचताना गटाच्या लक्षात आले की वरच्या शब्दांत ‘फुर्शेत’, म्हणजे जेवणाचा काटा, नाहीच. फ्रेंच घरात दोन वेळा हातात येणारी वस्तू, आणि तीच नाही.

याचे उत्तर गटातल्या रने मिशेआ यांनी दिले. अशा गणनांचे श्रेय सहसा गुगनेम यांच्या नावावर जमा होते, पण मला यातला सर्वांत सुंदर विचार मिशेआंचा वाटतो. क्रियापदे आणि ‘मी, तो, पण, नाही’ यांसारखे शब्द कोणत्याही विषयावरच्या गप्पांत जवळपास त्याच प्रमाणात येतात. वस्तूंची नावे मात्र विषय निघाला तरच येतात. काटा ताटाशेजारी ठेवलेला असतो, त्याचे नाव घ्यायची वेळ तो सापडेनासा झाल्यावर येते. तरी ते नाव प्रत्येकाच्या जिभेवर तयार असते. या तयारीला मिशेआंनी ‘उपलब्धता’ म्हटले.

ती मोजायची कशी? चार जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलांना 16 विषय दिले गेले: कपडे, शरीर, स्वयंपाकघर वगैरे. प्रत्येक विषयावर सुचतील ते 20 शब्द लिहायचे. जो शब्द जास्त मुलांना सुचला, तो अधिक उपलब्ध. दोन्ही मोजण्या जुळवून, त्यात जाणकारांच्या निवडीची भर घालून, सुमारे दीड हजार शब्दांची पहिली यादी 1954 मध्ये निघाली.

आता जाहिरातीतल्या 80 टक्क्यांकडे वळू. ‘अहो, इथे जवळ कुठे ___ मिळेल का? सकाळपासून माझं ___ फार ___ आहे, म्हणून विचारलं.’ पंधरापैकी बारा शब्द कळले, म्हणजे नेमके 80 टक्के. पण या माणसाला औषध हवे आहे की दूध, त्याचे डोके दुखते आहे की बाळ रडते आहे, काय कळले? वारंवार येणारे शब्द वाक्याचा सांगाडा उभा करतात, माणसाची गरज मात्र गाळलेल्या जागांत असते. मिशेआंनी जे दाखवले ते हेच. आजच्या बहुतेक ‘हजार शब्दां’च्या याद्या त्या कामाचा पहिला अर्धाच भाग उचलतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मग काटा, सुरी, चमचा, बशी अशी विषयवार पाने घोकावीत का? तेही नको. थॉमस टिंकहॅम यांनी 1990 च्या दशकात प्रयोग करून पाहिले. शर्ट, जाकीट, स्वेटर अशा एकाच जातीच्या शब्दांसाठी नवे शब्द एकत्र शिकवले, तर ते एकमेकांत मिसळतात आणि पाठ व्हायला जास्त वेळ लागतो. बेडूक, तळे, उडी, हिरवा असे एका प्रसंगात गुंफलेले शब्द सोपे जातात.

त्यामुळे मुलीने गणनेतली क्रियापदे आणि वाक्य जोडणारे शब्द आधी पक्के करावेत. नामे मात्र प्रसंगाने घ्यावीत. बेकरीत जायचे तर पाव, ताजा, कापून द्या, पिशवी, सुटे पैसे. दवाखान्यात जायचे तर ताप, कालपासून, गोळी, जेवणानंतर. काटा हा शब्द सुरीशेजारी पाठ करू नये. ‘खाली पडला, दुसरा द्याल का?’ या वाक्यासोबत तो शिकावा.