तीस फुटी घर, पंचवीस फुटी अंगण

आमच्या पार्सिपनीच्या घरासमोर ती आर.व्ही. येऊन उभी राहिली तेव्हा सगळ्या गल्लीतली मुलं गोळा झाली. तीस फूट लांब, आत दोन मोठे पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम! अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला एक प्रदक्षिणा घातली, टायर पायानं ठोकून पाहिले आणि निकाल दिला, "आपल्या लाल गाडीपेक्षा चार हात कमी, बस!"

अण्णा तेहतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते. सातारा–महाड हा त्यांचा लाडका रूट. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरतानाचं जंगल ते आजही वळणावळणानं सांगतात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "पण त्या जंगलात एक रात्र राहायला मिळालं नाही कधी. गाडी टायमात न्यायची असते." आई-अण्णा पहिल्यांदा अमेरिकेत आले त्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी ठरवलं की काही झालं तरी अण्णांना एक रात्र जंगलात न्यायचंच. तंबूचा प्रश्नच नव्हता. अण्णांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत आणि आईला रात्रीतून दोनदा उठावं लागतं. शिवाय आम्ही चौघं. म्हणून मग आर.व्ही., आणि तीही ऐसपैस!

इथेच आमची पहिली चूक झाली, मंडळी. आम्ही घर आधी भाड्यानं घेतलं आणि अंगण नंतर शोधायला निघालो.

जुलैच्या सुट्टीसाठी जागा बघायला आम्ही बसलो जूनमध्ये. न्यू जर्सी झालं, न्यू यॉर्क झालं, पेनसिल्व्हेनिया झालं, सगळीकडे फुल्ल! मे महिन्यात कोकणात जायला निघालेल्या माणसाची जी अवस्था होते तीच. शेवटी दोन तासांवरच्या एका सरकारी उद्यानात कुणीतरी रद्द केलेली एक जागा मिळाली. तिच्यापुढे लिहिलेलं होतं, वाहनाची कमाल लांबी २५ फूट. हे म्हणाले, "पाच फुटांनी काय होतंय? जरा बाहेर राहील. ॲडजस्ट करू." मीही मान डोलावली. आपला जन्मच ॲडजस्ट करण्यात गेलेला!

पण तिथे ॲडजस्ट होण्यासारखं काही नव्हतं. मागे ओकचं भलंमोठं झाड, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे दगड, आणि समोर एकेरी अरुंद रस्ता. गाडी झाडाला टेकेपर्यंत मागे घेतली तरी तोंड रस्त्यावरच. रेंजरबाई आल्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं आणि ॲम्ब्युलन्स आली, किंवा आगीचा बंब आला, तर तो जाणार कुठून? आमच्याकडे उत्तर नव्हतं. रात्री नऊ वाजता सगळं पुन्हा आवरून आम्ही निघालो आणि हायवेलगतच्या एका खाजगी कँपग्राउंडवर जाऊन थांबलो. वीज, पाणी, सगळं होतं. झाडं मात्र नव्हती, आणि रात्रभर ट्रक धडधडत होते. सकाळी अण्णा म्हणाले, "मला झोप लागली हो. स्टँडवर झोपायची सवय आहे." ते आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, पण मला मात्र रडूच आलं. ऑक्टोबरमध्ये ते दोघं परत गेले. जंगलातली रात्र राहिली ती राहिलीच.

त्या हिवाळ्यात मी हट्टानं या विषयाचं थोडं वाचन केलं. तुमच्यापैकीही अनेक जण यातून गेले असतील किंवा जाणार असतील, म्हणून ते इथे सांगते.

पहिला प्रश्न मला पडला होता तो असा, की एवढा मोठा देश, एवढी मोठी उद्यानं, मग जागा इतक्या आखूड का? त्याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२० च्या दशकात लोक मोटारी घेऊन जंगलात जायला लागले आणि वाटेल तिथे गाड्या घालू लागले. चाकांखाली माती दडपून घट्ट झाली, झाडांच्या मुळांना हवा-पाणी मिळेना, आणि ज्या झाडांसाठी लोक येत होते तीच झाडं वाळायला लागली. ई. पी. माइनेके नावाच्या, सरकारी वनखात्यातल्या वनस्पतिरोग तज्ज्ञानं हे ओळखलं. १९३२ मध्ये त्यानं कँपग्राउंड कसं असावं याचा आराखडाच मांडला. एकेरी वळसेदार रस्ता, त्याला फुटलेल्या छोट्या छोट्या फांद्या, प्रत्येक फांदीत एक गाडी, आणि गाडीनं हद्द सोडू नये म्हणून कडेला दगड किंवा ओंडके. म्हणजे आमची वाट अडवणारे ते दगड निष्काळजीपणानं राहून गेलेले नव्हते, ते मुद्दाम ठेवलेले होते!

पुढे १९३३ ते १९४२ या काळात, मंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी रूझवेल्टनं जी सी.सी.सी. नावाची योजना काढली, तिच्यातल्या मुलांनी देशभर अशी कँपग्राउंड्स बांधली. आपल्या इथलं हाय पॉइंट स्टेट पार्क आणि त्याला लागून असलेलं स्टोक्स स्टेट फॉरेस्ट, दोन्हीकडे या मुलांचं काम आहे. तेव्हाच्या फोर्ड गाडीच्या आणि तंबूच्या मापानं जागा आखल्या गेल्या, आणि भोवतीची झाडं वाढत राहिली.

गाड्याही वाढत राहिल्या. आयोवातल्या विनेबेगो कंपनीनं १९६६ मध्ये मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात ही चैन आली. १९९० मध्ये न्यूमार कंपनीनं मोटरहोमला स्लाइड-आउट आणलं. गाडी उभी केली की बटण दाबायचं आणि भिंत दोन-तीन फूट बाहेर सरकते, दिवाणखाना मोठा! आता बसच्या आकाराच्या क्लास ए गाड्या ४५ फुटांपर्यंत मिळतात. गाडीची रुंदीच साडेआठ फूट, त्यात दोन्हीकडे स्लाइड-आउट उघडलं की किती होते तुम्हीच हिशेब करा. उद्यानं तेवढीच राहिली आणि घरं मात्र वाढली. त्यांना जागा करून द्यायची तर झाडं पाडावी लागतील, आणि मग जायचं तरी कशाला?

लांबी हे एक झालं. दुसरी गोष्ट विजेची. न्यू जर्सीच्या बहुतेक स्टेट पार्कांतल्या जागांना वीज-पाण्याची जोडणी, म्हणजे हुकअप, नसतं. जनरेटर असला तरी तो ठराविक वेळेतच चालवायचा. जिथे वीज असते तिथेही खांबावर ३० अँपिअर आहे की ५० हे पाहावं लागतं. ३० म्हणजे साधारण ३६०० वॉट. वर ए.सी. चालू, मायक्रोवेव्हमध्ये भात, आणि त्यात चहासाठी विजेची किटली लावली की खट्कन अंधार! ५० अँपिअरच्या जोडणीत १२००० वॉटपर्यंत मिळतात. मोठ्या गाड्यांना तीच लागते, आणि अशा जागा आणखी कमी.

तिसरी गोष्ट माणसांची. आपल्या राज्य उद्यानांत एका जागेवर सहाच माणसं राहू शकतात. आपण चार कुटुंबं मिळून जाणार, म्हणजे तीन जागा हव्यात, आणि त्याही शेजारी-शेजारी. हे जुळून येणं म्हणजे पत्रिका जुळण्यापेक्षा कठीण!

लांबच्या सहलीलाही हेच लागू आहे. शेनान्डोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे, तेव्हा टपावरच्या ए.सी.सकट आपली उंची मोजून निघावं. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदीच आहे. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही असलेलं कँपग्राउंड फिशिंग ब्रिज हे एकच, आणि तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाही, भक्कम भिंतींची गाडीच लागते.

आता रिझर्व्हेशन. भारतात रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. इथे त्याच्या कितीतरी आधी जागं व्हावं लागतं. मी आपल्या सणावारांवर त्याचं कोष्टक बसवलंय, लक्षात राहायला सोपं जातं. समजा, १४ जुलैची रात्र हवी आहे. पेनसिल्व्हेनियाची राज्य उद्यानं ११ महिने आधी उघडतात, म्हणजे आदल्या वर्षीच्या १४ ऑगस्टला, गणपतीची तयारी चालू असताना. न्यू यॉर्कची ९ महिने आधी, म्हणजे १४ ऑक्टोबरला, दसरा-दिवाळीच्या सुमारास. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच जागा रिक्रिएशन डॉट गव्हवर ६ महिने आधी, म्हणजे १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला, पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी दहा वाजता. तिकडच्या ए.सी. तत्काळचीही वेळ सकाळी दहाचीच, हा योगायोग पाहा! दहाला पाच मिनिटं असताना खातं उघडून, गाडीची लांबी भरून, कार्ड हाताशी ठेवून बसायचं. तिळगूळ नंतर. (या मुदती अधूनमधून बदलतात, तेव्हा ठरवण्याआधी पुन्हा पाहून घ्या.)

आपल्या लोकांची खरी अडचण इथेच आहे. अमेरिकन आजी-आजोबा तीन तासांवर राहतात, त्यांना वर्षभर आधी विचारता येतं. आपल्या आई-वडिलांचा व्हिसा, तिकीट, रक्तदाब, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पुण्याच्या भाचीचं लग्न, यातलं काहीही सहा महिने आधी नक्की नसतं. आणि ते आले की सहा महिन्यांत परत जातात. पुन्हा येतील तेव्हा त्यांची तब्येत कशी असेल, सांगता येत नाही. म्हणून मी आता व्हिसाची वाट न पाहता जागा धरून ठेवते. रिक्रिएशन डॉट गव्हवर रद्द करायला १० डॉलर लागतात, अगदी शेवटच्या क्षणी केलं तर एका रात्रीचं भाडंही जातं. मात्र नको असेल तर वेळेवर सोडून द्यावी, ही विनंती. आपण अडवून ठेवलेली जागाही कुणाच्यातरी अण्णांचीच असते.

दोन वर्षांनी आई-अण्णा पुन्हा आले. अण्णांच्या हातात आता काठी होती. या वेळी आम्ही उलटं केलं. आधी जागा, मग गाडी. आणि जागा सापडली ती घरापासून पाऊण तासाच्या आत! रूट ८० नं पश्चिमेला, मग रूट १५ नं उत्तरेला, की जेफरसनमध्ये मेहलॉन डिकरसन रिझर्व्हेशन लागतं. (इथे 'रिझर्व्हेशन' म्हणजे राखीव वन, आपलं बुकिंग नव्हे!) हे आपल्या मॉरिस काउंटीचं सगळ्यात मोठं उद्यान. न्यू जर्सीचा गव्हर्नर आणि पुढे देशाचा नौदलमंत्री झालेल्या डिकरसनचं नाव त्याला दिलेलं आहे. राज्याच्या उद्यानांत जे सहसा मिळत नाही ते, म्हणजे ट्रेलरच्या जागांना वीज आणि पाणी, काउंटीच्या या उद्यानात आहे. इतकी वर्षं आम्ही यलोस्टोनची चित्रं बघत बसलो होतो!

सप्टेंबरमधला मंगळवार-बुधवार धरला. शाळा सुरू झाल्यावर, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी कमी असते. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली, बुडू दे म्हटलं. गाडी घेतली चोवीस फुटी. हे मागे घेत होते आणि अण्णा काठी टेकत मागे उभे राहून ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या… डावीकडे मारा, जावईबापू… हो ऽऽऽ!" पहिल्याच प्रयत्नात गाडी जागेवर. शेजारच्या ट्रेलरमधल्या गोऱ्या आजोबांनी अण्णांकडे पाहून अंगठा वर केला. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी पिठलं-भात झाला. तळण मुद्दामच केलं नाही, या भागात अस्वलं आहेत आणि त्यांनाही नाक आहे. उरलंसुरलं सगळं गाडीत बंद केलं. रात्री आई दोनदा उठली आणि पाच पावलांवर बाथरूम बघून समाधानानं पुन्हा झोपली. अण्णा मात्र उशिरापर्यंत बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी शाल द्यायला गेले तर म्हणाले, "अगं, इंजिन बंद केल्यावर जंगल असं ऐकू येतं होय!"

तेव्हा मंडळी, ज्यांना वृद्ध आई-वडिलांना घेऊन जायचंय त्यांना एवढंच सांगेन. आधी अंगण मोजा, मग घर घ्या. लांबी भरताना मागचा सायकल-रॅक आणि पुढे ओढणारी गाडी धरून खरा आकडा भरा. काउंटीची उद्यानं विसरू नका. आर.व्ही. झेपत नसेल तर हाय पॉइंट आणि स्टोक्स दोन्हीकडे भाड्यानं केबिन मिळतात, त्यांचाही विचार करा. आणि कुणाला २५ फुटांच्या पुढची, सावलीतली, वीज असलेली सरकारी जागा ठाऊक असेल तर पुढच्या अंकात जरूर कळवा. अण्णांनी साताऱ्याहून फोनवर विचारलंय, "यंदा बुकिंग कधी उघडतंय?" संक्रांत जवळ आली आहे.