चेटकीण? जरा जपून!

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणीच्या गळ्यात पाच टोकांची चांदणी दिसली. ‘मी विक्का पाळते,’ ती म्हणाली. ‘म्हणजे सैतानाची पूजा?’ मी दचकलेच!

पण विक्कात सैतान नाहीच. इंग्लंडच्या जेराल्ड गार्डनरने १९५४ च्या पुस्तकातून जगापुढे आणलेला हा निसर्गपूजक पंथ. चंद्र, ऋतू, देव-देवी मानायचे आणि कुणाला इजा करायची नाही, बस्स.

‘चल गं चेटकिणी,’ मी चेष्टा केली आणि लगेच जीभ चावली. आपल्याच सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. माझ्या मैत्रिणीने ते नाव आवडीने घेतलंय, त्या बायकांवर ते लादलं गेलं. तेव्हा मंडळी, चेष्टेतसुद्धा जपून!