पर्यवेक्षिका काय विचारते?

अंगणवाडी ही कल्पना मंत्रालयातून खाली आलेली नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही. ताराबाईंची उमेदवारी राजकोट-भावनगरला, गुजराती मुलांत झालेली. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत वावरण्याची सवय त्यांना आधीपासून होती. मुलाच्या अंगणात शिरणारी बाई पाहुणी असते. घरची बोली तिलाच शिकून घ्यावी लागते.

ताराबाई 1973 साली गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव घरोघरी पोचलं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण, या सहाही सेवा एकाच खोलीत आल्या. भाषेचं काय करायचं, हे मात्र सेविकेवर सोडलं गेलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. डहाणूच्या वारली पोराला बाईंचं मराठी निम्मंअधिक कळतं, कारण वारली मराठीच्या जवळची. गडचिरोलीतली माडिया द्रविड कुळातली. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली, तिचा मराठीशी नात्याचा धागाच नाही. डहाणूत चालणारं बडबडगीत मेळघाटातल्या धारणीच्या पाड्यावर नुसती चाल होऊन उरतं.

सेविका गावातलीच, कोरकू बोलणारी असेल तर ती हे आपसूक सांभाळते. गोष्ट कोरकूत, रंग आणि आकडे हळूहळू मराठीत. रडणाऱ्या पोराची समजूत अर्थातच कोरकूत. पण बाहेर पर्यवेक्षिकेची गाडी थांबली, की तीच सेविका मराठीवर येऊ शकते. मुलं गप्प, आणि वर्गाला शिस्त आहे असा शेरा.

पर्यवेक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या बीटमध्ये वीस-पंचवीस अंगणवाड्या. वजनं झाली का, दंडघेर मोजला का, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटला का, पोषण ट्रॅकरवर नोंद चढली का, सॅम-मॅममधली, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, मुलं किती? मेळघाटासारख्या ठिकाणी हे प्रश्न जिवामरणाचे आहेत. पण सेविका काम करते ते विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या दिशेनं. काय विचारायचं ते ठरवणं, अंगणवाडीतलं नेतृत्व ते हेच. ‘आज मुलं किती बोलली, आणि कोणत्या भाषेत?’ हे कुणी विचारत नसेल, तर धोरणात काहीही लिहिलेलं असो, ते वर्गात उतरत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात घरच्या भाषेचा आग्रह आहेच की!

शिवाय ही गोष्ट नुसत्या मुलांची नाही. गृहभेटीत सहा महिन्यांच्या बाळाला वरचा आहार कसा सुरू करायचा, हे आईला मराठीतून सांगितलं की ती मान डोलावते. रजिस्टरवर समुपदेशन झालं. मदतनीस त्याच पाड्यावरची असली, तर ती दोन वाक्यांत जे समजावेल ते रंगीत तक्त्यानं होणार नाही. पण तिच्याकडून झाडलोट आणि खिचडीपलीकडे अपेक्षाच फारशी नसते. आता सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावीची अट आहे. शिक्षणाला माझा विरोध नाही, पण निवडीच्या वेळी पाड्याची भाषा येण्याला किती वजन, हेही पाहायला हवं.

नियम आणि भाषा यांची अशी ओढाताण परदेशातही झाली आहे. न्यूझीलंडमध्ये 1982 पासून माओरी आजी-आजोबांनी आणि कुटुंबांनी ‘कोहांगा रेओ’ ही बालकेंद्रं चालवली, आपली मावळती भाषा चिमुकल्यांना देण्यासाठी. 1990 साली ती शिक्षण मंत्रालयाकडे गेली. तिथले नियम इतर बालशिक्षण केंद्रांना समोर ठेवून केलेले, त्यात आजीबाई बसेनात. 2012 मध्ये वायटांगी न्यायाधिकरणानं सरकारवर ठपका ठेवला. तिथं भाषा वाचवायची होती, आपल्याकडे मूल बोलतं करायचं आहे. पण तपासणीचा नमुना कोण बनवतं, हा पेच दोन्हीकडे एकच.

बीटच्या मासिक बैठकीत एखाद्या सेविकेनं कोरकूतून गोष्ट सांगून दाखवावी, आणि मराठी सेविकांनी ती शिकून घ्यावी, एवढं पर्यवेक्षिकेला आजही करता येईल. भेटीच्या नमुन्यात मुलांच्या बोलण्यासाठी एक रकाना वाढवायचा, तर ते प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातचं. मात्र मूल कोरकूत बोललं, तर ते समजणारं कुणीतरी त्या कार्यालयात लागेल.