घोट्यावरची स्प्रिंग

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालताना आपण किती कार्य करतो? पाठ्यपुस्तकातले सूत्र लावले तर उत्तर जवळजवळ शून्य येते. उंची बदलत नाही, वेगही बदलत नाही. तरी तासभर चालले की घाम येतो, भूक लागते. मग ही ऊर्जा जाते कुठे?

पोटरीवर हात ठेवून सावकाश एक पाऊल टाकून पाहा. टेकलेल्या पावलावरून शरीर पुढे जाते तेव्हा पोटरी घट्ट झालेली जाणवेल. पोटरीचे स्नायू एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. शरीर पुढे सरकताना ही कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि टाच उचलताना आखडून साठवलेली ऊर्जा परत देते. मात्र ती ताणली जाण्यासाठी तिचे वरचे टोक कोणीतरी धरून ठेवायला हवे. ते काम स्नायू करतो. भिंतीतला खिळा पिशवी दिवसभर फुकट धरून ठेवतो. आपण मात्र पिशवी हातात धरून नुसते उभे राहिलो, तरी हात भरून येतो. स्नायूला नुसते धरून ठेवण्यासाठीही इंधन जाळावे लागते.

हे काम एखाद्या खिळ्याकडे सोपवता येईल का? अडचण वजनाची आहे. पायाशी बांधलेले साधन प्रत्येक पावलाला पुढे झोकावे लागते, आणि कमरेवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी महाग पडते. त्यामुळे साधनाने केलेली मदत त्याच्या ओझ्यातच खर्ची पडते.

अमेरिकेतील स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॉविकी यांनी २०१५ मध्ये ही अडचण ओलांडली. त्यांच्या साधनाला मोटार नव्हती, बॅटरीही नव्हती. कार्बन तंतूंच्या हलक्या सांगाड्यावर पोटरीच्या मागे एक स्प्रिंग आणि एक यांत्रिक क्लच बसवलेला होता. एका पायावरचे वजन सुमारे अर्धा किलो. पाऊल टेकले की क्लच स्प्रिंगचे टोक पकडतो, पाऊल उचलले की सोडतो. म्हणजे क्लच हा आपला खिळा आणि स्प्रिंग ही जोडीची कंडरा.

हे साधन घालून नऊ निरोगी प्रौढ व्यक्ती फिरत्या पट्ट्यावर सेकंदाला १.२५ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर वेगाने चालल्या. किती प्राणवायू घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला यावरून ऊर्जेचा खर्च काढला. साध्या चालण्याच्या तुलनेत तो सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरला. आकडा लहान वाटेल. पण निरोगी माणसाची चाल मुळातच काटकसरीची असते, हे लक्षात घ्यावे.

खरी गंमत पुढेच आहे. स्प्रिंग जितकी ताठ तितकी बचत जास्त, असे आपल्याला वाटेल. पण सर्वाधिक बचत मध्यम ताठपणाच्या स्प्रिंगने झाली. फार ताठ स्प्रिंगने पोटरीवरचा भार आणखी घटला, तरी बचत मात्र नाहीशी झाली! याचे एक कारण असे, की भार कमी झाला की कंडरा कमी ताणली जाते. मग जी हालचाल कंडरा करून देत होती, ती स्नायूला स्वतः आखडून करावी लागते, आणि ते महाग पडते. एका जागी केलेली मदत शरीर जशीच्या तशी घेत नाही. ते आपली सारी चालच नव्याने जुळवते. म्हणूनच निरोगी व्यक्तींवर मिळालेला आकडा अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला तसाच लावता येत नाही. तिथे पुन्हा मोजावेच लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या घ्या. विद्यार्थ्याला दहा मिनिटे तशाच चालीने चालवा: एकदा पिशव्यांविना, एकदा त्या कमरेला बांधून, एकदा घोट्यांना बांधून. दर वेळी थांबताक्षणी नाडी मोजा आणि मध्ये पुरेशी विश्रांती द्या. नाडी हे ढोबळ माप आहे, तेव्हा फरक स्पष्ट दिसेलच असे नाही. न दिसल्यास काय बदलायला हवे, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. मोजमापाचे शिक्षण तिथूनच सुरू होते.