चिमुकल्या इंजिनाचा राक्षसी श्वास

औषधाचा छोटा चमचा घ्या. त्यात ५ मिलिलिटर मावतं. तो अर्धाच भरा. रिमोटवर पळणाऱ्या नायट्रो ट्रकचं इंजिन एवढंच असतं! टेक्ससच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये टी-मॅक्स हा ट्रक आणला, तो २.५ सीसीच्या इंजिनावर धावायचा. पुढे ३.३ सीसीचं इंजिन आलं. आपल्या जुन्या लूना मोपेडचं इंजिन साधारण ५० सीसीचं, म्हणजे हे तिच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढं. तरीही ३.३ सीसीवाला ट्रक ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जातो, असं कंपनी सांगते.

असा ट्रक हातात आला की बहुतेकांना पहिला मोह होतो तो हवेचं तोंड मोठं करायचा. जास्त हवा, जास्त ताकद, सरळ हिशेब. पण हे इंजिन श्वास कसा घेतं ते एकदा बघितलं की हिशेब पार बदलतो.

पंधरा माणसांचा श्वास

पूर्ण रेसवर असं इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे मारतं. सेकंदाला ५००! टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला एक श्वास. ३.३ सीसीला ३०,००० ने गुणा, मिनिटाला जवळपास १०० लिटर. ही कागदावरची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात घास थोडा कमी जातो. पण शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे मुठीत मावणारं हे इंजिन चौदा-पंधरा माणसांची हवा एकट्याने ओढतं. आणि हे सगळं करंगळीहूनही बारीक भोकातून.

नळी कुठली? क्रँकशाफ्टच!

फिल्टरमधून आलेली हवा कार्बोरेटरमध्ये इंधन घेते आणि थेट सिलिंडरमध्ये न जाता क्रँकशाफ्टमध्ये शिरते. हा शाफ्ट आतून पोकळ असतो आणि त्याला एका बाजूने खिडकी कापलेली असते. शाफ्ट फिरतो, खिडकी कार्बोरेटरखाली येते, मिश्रण आत जातं. खिडकी पुढे सरकते, दार बंद. ताकद वाहून नेणारा दांडा, हवेची नळी आणि उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, तिन्ही कामं एकाच तुकड्याकडे. मला विचाराल तर अख्ख्या इंजिनात याच्याइतकी सुंदर गोष्ट दुसरी नाही.

खरे जाणकार म्हणूनच बाहेरचं भोक सोडून आतला रस्ता गुळगुळीत करतात. शाफ्टच्या पोकळीत खिडकीसमोरचा कोनाडा सिलिकॉन किंवा इपॉक्सीने उतरता भरून घेतात. हवेला काटकोनात धडकावं लागत नाही, ती घसरगुंडीवरून उतरल्यासारखी क्रँककेसमध्ये जाते.

एकच तोंड, दोन कामं

या ट्रकला फ्युएल पंप नसतो. सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीत जाते आणि धुराचा दाब इंधनाला पुढे ढकलतो. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून इंजिन सुरू करायची दोरी दोन-तीनदा ओढली की इंधन सरसर कार्बोरेटरपर्यंत येतं. आणि चालू इंजिन हाताबाहेर गेलं, थ्रॉटल अडकला, तर तेच तोंड जाड फडक्याने दाबून धरायचं. श्वास बाहेर सोडता येत नाही म्हटल्यावर आत घेताही येत नाही. इंजिन बंद. मात्र फडकं हवंच, तोवर सायलेन्सर चांगलाच तापलेला असतो.

हवा बाटलीतूनही येते

एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मिथेनॉलला ६.४ किलो पुरते. आणि नायट्रोमिथेनला? फक्त १.७. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन बसलेला असतो. ट्रकच्या इंधनात १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन असतं, बाकी मिथेनॉल आणि तेल. हवेच्या वाटेत काहीही न कापता इंजिनाला जादा ऑक्सिजन पाजायचा हा राजमार्ग. फक्त नायट्रो वाढवलं की कार्बोरेटरमधली इंधनाची निडल थोडी उघडून इंधनही वाढवावं लागतं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टर गाड्या तर ९० टक्के नायट्रोमिथेनवर धावतात.

तेलात बऱ्याचदा एरंडेल असतं, आपलं घरोघरी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल. त्या निळसर धुराचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो जन्मभर ओळखता येतो. कॅस्ट्रॉल हे नावही ‘कॅस्टर’वरूनच आलेलं.

डोकं तापलेलं, गळा गार

सिलिंडरचं डोकं १०० ते १२० अंशांवर असतं आणि त्याच वेळी बोटभर अंतरावरचा कार्बोरेटर हाताला गार लागतो! मिथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या साधारण तिप्पट उष्णता शोषून घेतं. इंजिन स्वतःच आपली हवा थंड करून घेतं. तरीही फिल्टर जर तापलेल्या डोक्याला खेटून बसला असेल तर नुकसान होतंच. २० अंशांच्या हवेपेक्षा ५० अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणून काही जण सिलिकॉनची नळी लावून फिल्टर थोडा वर आणि लांब नेतात. धुळीपासूनही तो तितकाच दूर जातो. हा बदल मला मनापासून पटतो.

मोठं भोक, मंद ट्रक

आता तो मोह. हवा अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये मांडलं. कार्बोरेटर याच तत्त्वावर जगतो. वेगाने जाणारी हवा इंधन खेचून घेते आणि त्याचं धुकं करते. भोक मोठं केलं की पूर्ण रेसवर हवा जास्त जाईल, खरं आहे. पण कमी रेसवर तीच हवा रेंगाळते, खेच कमी पडते, इंधन थेंबाथेंबाने येतं. ट्रिगर दाबला की ट्रक आधी गुदमरतो आणि मग उसळी घेतो. वळणावळणाच्या मैदानावर ही उसळी काय कामाची?

शर्यतीतले लोक नेमकं उलट करतात. ते कार्बोरेटरच्या तोंडात बारीक कडं बसवून भोक लहान करतात. ८ मिलिमीटरचं ७ केलं तर क्षेत्रफळ २३ टक्क्यांहून जास्त घटतं. वरचा वेग थोडा जातो, पण पिकअप सुधारतो आणि टाकी जास्त वेळ पुरते. १/८ मापाच्या बग्गीला टाकी फक्त १२५ सीसीची, त्यामुळे इंधनाचा एक थांबा वाचला तर शर्यत वाचते.

ठिणगीच नाही

या इंजिनात स्पार्क नसतो. रे आर्डेन या अमेरिकी कारागिराने १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टने ती तार लाल करायची, नंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून तिला तापलेलं ठेवते. बॅटरी काढून घ्या, इंजिन चालूच. पण पेट कधी घ्यायचा हे ठरवणारं वेगळं यंत्र नसल्यामुळे मिश्रण बदललं की पेट घेण्याची वेळही बदलते. हवा वाढली, इंधन तेवढंच राहिलं, की इंजिन लीन चालतं, तापतं, वेळेआधी पेटतं. शिवाय तेल इंधनातच मिसळलेलं असतं, म्हणजे इंधन कमी तर वंगणही कमी. हवेत कुठलाही बदल केलात तर निडल पुन्हा लावल्याशिवाय ट्रक पळवू नका.

गाव बदललं तरी तेच. समुद्रकाठी सेट केलेला ट्रक अमेरिकेतल्या १,६०० मीटर उंचीच्या डेन्व्हरला नेला तर तिथे हवेचा दाब १७ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तीच निडल तिथे जास्त इंधन पाजते, आणि ट्रक धूर ओकत रडतखडत चालतो.

चोरवाट

स्लो सेट होत नाही, रेस सोडली तरी इंजिन वरच राहतं, क्षणात बरं, क्षणात बिथरलेलं. अशा वेळी निडल पिळत बसू नका. कार्बोरेटरच्या बुडाशी किंवा मागच्या झाकणाशी हवा चोरवाटेने आत येत असते. ओ-रिंग बदला, कडेने सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ द्या. अर्ध्या तासाचं काम.

स्पंजाचा तुकडा, इंजिनाचं आयुष्य

यातल्या बऱ्याच इंजिनांत पिस्टनला रिंगच नसते. अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली सिलिंडरची पितळी स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड इंजिन हाताने फिरवलं तर पिस्टन वर जाऊन अडकतो. तापल्यावर पितळ जास्त प्रसरण पावतं आणि फिट अचूक बसतो. सगळं कॉम्प्रेशन त्या घट्टपणावर. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस् मापावर ७, अॅल्युमिनियमची तीनच्याही आत. चिमूटभर धूळ आत गेली की तो घट्टपणा घासून जातो, आणि मग दोरी कितीही ओढा.

म्हणून फिल्टरचा फोम कोरडा कधीच लावायचा नाही. साबणाच्या पाण्यात धुवायचा, दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही, पूर्ण वाळवायचा. मग फिल्टरचं तेल टाकून पिशवीत चुरायचा, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. गळ्याला केबल टाय आवळायचा. धुळीच्या मैदानावर काही जण वरून जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडाही चढवतात, जाडा कचरा तिथेच अडतो.

आणि फिल्टर खरंच काम करतोय का, हे तपासायची युक्ती दोन मिनिटांची. फिल्टरच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या भिंतीला ग्रीसचा पातळ हात फिरवा. एक टाकी संपेपर्यंत ट्रक पळवा. मग फिल्टर काढून बोट फिरवा. बोटाला कचकच लागली तर ट्रक घरी न्या. ग्रीस स्वच्छ निघालं तर दुसरी टाकी भरा.