डॉक्टरांची चिठ्ठी

'आता मोठ्या डॉक्टरांना दाखवा' हे शब्द कानी पडले की आपल्याकडे सारे घर हबकून जाते. डॉक्टरांनी हात टेकले, असा त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः आपल्या आवाक्याबाहेरचे काय, हे वेळीच ओळखणे हा चांगल्या डॉक्टरचा गुणच होय.

फॅमिली डॉक्टर साऱ्या शरीराचा विचार करतो, स्पेशालिस्ट एखाद्या अवयवाचा किंवा रोगाचा. छातीतले दुखणे आम्लपित्ताचे, स्नायूचे, फुफ्फुसाचे किंवा हृदयाचे असू शकते. कोणाला थांबवून औषध द्यायचे आणि कोणाला क्षणाचाही विलंब न लावता पुढे पाठवायचे, हा निर्णय पहिल्या डॉक्टरचा असतो. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेथे तातडीचे प्रसंग सोडल्यास तज्ज्ञाकडे बहुधा फॅमिली डॉक्टरमार्फतच जावे लागते. आपल्या सरकारी व्यवस्थेतही उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या आहेत. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. खाजगी दवाखान्यांना मात्र अशी शिस्त नाही.

या पायऱ्या जोडणारा दुवा म्हणजे चिठ्ठी. चांगल्या चिठ्ठीत दुखणे केव्हा सुरू झाले, तपासणीत काय आढळले, कोणती औषधे दिली, कोणते औषध सोसत नाही, मधुमेह वा रक्तदाब आहे काय आणि तज्ज्ञाला नेमके काय विचारायचे आहे, एवढे असावे. नुसते नाव आणि 'कृपया पाहावे' एवढेच लिहिले, तर पुन्हा त्याच तपासण्या होतात आणि पुन्हा पैसा जातो. तज्ज्ञानेही आपले निदान पहिल्या डॉक्टरला उलट कळवावे, कारण पुढची औषधे बहुधा त्याच्याकडेच चालू राहतात.

या चिठ्ठीला एक काळी बाजूही आहे. रोगी पाठवल्याबद्दल काही ठिकाणी कमिशन घेतले जाते. त्यालाच 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार असे पैसे देणे किंवा घेणे निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ साली याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. सगळेच डॉक्टर असे नसतात. पण थोड्यांमुळे प्रामाणिक डॉक्टरच्या चिठ्ठीकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

ज्या घरांत आमची पिढीच पहिल्यांदा कॉलेजात आली, तेथे ही चिठ्ठी देवाच्या अंगाऱ्यासारखी घडी न मोडता नेली जाते. ती वाचायची असते, हेच ठाऊक नसते. मित्रहो, घरातल्या कोणाला अशी चिठ्ठी मिळाली तर आपण सोबत जावे. कशासाठी पाठवता, किती दिवसांत जायला हवे आणि सरकारी रुग्णालयात ही सोय आहे काय, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्यावेत. एवढे करायला डॉक्टर व्हावे लागत नाही, बी. ए. च्या विद्यार्थ्यालाही ते सहज जमेल.